पॅक-अप किती वाजता होतं?

पुणे, रविवार रात्र

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी रात्री दीड वाजता मालिकेच्या शूटिंगवरून निघाल्यावर "रिक्षात आहे" एवढं म्हणून तुझा फोन जो बंद पडला, तो सकाळी सव्वासातपर्यंत. चार्जिंग संपलं होतं, कळलं. मी त्यावर जे बोलले ते बोलायला नको होतं, तेही कळलं. "तुझा माझ्यावर विश्वासच नाही" हे तुझं वाक्य मात्र कानातून जात नाही, म्हणून फोन न करता लिहायला बसले. पत्र मधेच कट करता येत नाही.

विश्वास तुझ्यावर आहे गं. त्या रिक्षावाल्याला मी ओळखत नाही, एवढंच. जाऊ दे, हे लिहायचं नव्हतं.

काल माळा आवरताना बाबांची निळी वही सापडली. उघडली आणि तोच आंबूस वास आल्यासारखं वाटलं. जुनी फिल्म बिघडायला लागली की व्हिनेगरसारखा वास येतो ना, तो त्यांच्या शर्टाला असायचा. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म संग्रहालयातून घरी आले की तो शर्ट मी वेगळ्या बादलीत भिजवायची. वहीत दुर्गाबाई आणि कमलाबाईंची चार पानं आहेत. तुला ती गोष्ट पाठ आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. पुढे ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! पण १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये फिरत्या नाटक कंपनीतल्या या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मोहिनी झाली कमला, वय तेरा-चौदा. पार्वती तिची आई, दुर्गाबाई कामत. पहिली नटी यांतली कोणती, यावर बाबा वहीच्या समासातसुद्धा भांडलेत. मला त्यात कधी रस नव्हता. या वेळी वाचताना एकच दिसलं, की आई तिच्यासोबत होती.

आणि तेव्हा शूटिंग उन्हावर चालायचं. ऊन कमी पडलं तर सरस्वतीबाई फाळके पांढरी चादर ताणून उभ्या राहायच्या. अख्ख्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि रात्री फिल्म धुवायलाही त्याच. म्हणजे सूर्य कलला की पॅक-अप, पोरगी दिवेलागणीला घरात. तुमच्यात शिफ्ट संपते तेव्हा दूधवाला निघालेला असतो. परत तिथेच आले बघ.

‘कालिया मर्दन’ आठवतो? बाबा आपल्याला दाखवायला घेऊन गेले होते, तू पाच वर्षांची. फाळक्यांची सात वर्षांची मंदाकिनी कृष्ण झालीय, आणि तू अंधारात मोठ्यांदा विचारलंस, "तिची आई कुठाय?" सगळे हसले. बाबा म्हणाले, "मागे कुठेतरी स्वयंपाक करत असेल." घरी आल्यावर तू आजीच्या लोखंडी ट्रंकेवर चढलीस, लाटणं आडवं धरून बासरी केलीस आणि एक पाय उचलून उभी राहिलीस. ट्रंक हलत होती. मी खालून कडी धरून बसले होते, तुला दिसत नव्हते. पोळ्या करपल्या त्या दिवशी.

वसूच्या लग्नात मी "नाटकवाल्यांचं काही खरं नसतं" म्हणाले, ते तुला लागलं. खरं सांगू, कमलाबाईंचं पुढचं वाचून मला धीर येतो आणि भीतीही वाटते. पंचविशीत नवरा गेला, पदरात दोन मुलं, तिसरं पोटात. काम सोडलं नाही. रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकासुद्धा केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. म्हातारपणी त्या इथेच पुण्यात होत्या. आणि त्या ‘मोहिनी’ची प्रिंट आज कुठेच नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, उरले ते बोटावर मोजण्याइतके. ती नायट्रेटची फिल्म पेटायची तरी, नाही तर डब्यातल्या डब्यात चिकटून तिचा भुगा व्हायचा. काहींनी तर फिल्मवरच्या चांदीसाठी विकून टाकली.

म्हणून तुझा प्रत्येक भाग मी टीव्हीसमोर मोबाईल धरून उतरवून ठेवते. जोशीकाकू हसतात, हसू देत. गुरुवारी तू आरतीचं ताट घेऊन मागे उभी होतीस. एकच वाक्य होतं, पण सासूचं बोलणं ऐकताना मान जराशी वळवलीस ना, ते कुणी सांगितलं नसणार, ते तुझं. ताट मात्र डाव्या हातात होतं. असं कोण धरतं?

काँट्रॅक्ट नीट वाचल्याशिवाय सही करू नकोस. पैसे नव्वद दिवसांनी देतात म्हणे, तोपर्यंत भाड्याचं काय ते आधी सांग, लाजू नकोस. उपाशी झोपू नकोस. कुणी ‘जरा थांब, मी सोडतो’ म्हणालं तर... बरं, बास. तुझे फिरलेले डोळे इथून दिसतायत मला. चुकलं. सव्वीस वर्षांची आहेस, तुला कळतं.

शनिवारी सकाळच्या डेक्कन क्वीनने येऊ का? कोपऱ्यात प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली तरी पुरे. पार्वतीबिर्वती काही नको, मी आपली विणत बसेन. नको असेल तर तसं सांग, रागावणार नाही. थोडीशी रागावेन.

तुझी,
आई

ता. क. मन्याबरोबर मेतकूट आणि डिंकाचे लाडू पाठवतेय. डबा आजीचा आहे, परत आण. लाडवांच्या खाली फडक्यात गुंडाळून पॉवर बँक ठेवलीय. दुकानदार म्हणाला, चार तास लावून ठेवा. मी रात्रभर लावली होती.