तो फायरमन मला एवढा आपला का वाटतो

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस ना, की जो माणूस माइकवर धड दोन वाक्यं बोलत नाही त्या स्टिपे मिओचिचमध्ये तुला एवढं काय दिसतं. मी तेव्हा काहीतरी सांगून विषय बदलला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून आता नीट लिहितोय आणि पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो.

अमेरिकेतल्या ओहायोचा, क्लीव्हलंडच्या बाजूचा माणूस, क्रोएशियन घरातला, कॉलेजात कुस्ती आणि बेसबॉल दोन्ही खेळलेला. आणि फायरमन, पॅरामेडिक. यूएफसीचा, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा, हेवीवेट चॅम्पियन झाला तरी त्याने ती पार्ट टाइम नोकरी सोडली नाही. 2020 मध्ये कोरोना आला, जिम बंद पडल्या, तेव्हाही तो शिफ्टला जातच होता. म्हणजे विचार कर, कुणीतरी घाबरून फोन केलाय आणि दारात स्ट्रेचर घेऊन उभा आहे तो जगातला सगळ्यात डेंजरस हेवीवेट, आणि त्या घरातल्यांना तो फक्त मदतीला आलेला एक माणूस आहे, बास.

पण तू म्हणशील साधा आहे म्हणून आवडतो एवढंच ना. तसं नाहीये रे. साधे लोक खूप आहेत. मला वाटतं आपण सगळे त्याच्यात अडकलो कारण त्याला सगळं लागतं, जिंकणंही आणि हरणंही, आणि ते तो लपवत नाही. मे 2016 मध्ये ब्राझीलला कुरितिबात फुटबॉलच्या स्टेडियमवर पंचेचाळीस हजार लोक, सगळे चॅम्पियन व्हर्डुमच्या बाजूचे, तो व्हर्डुम अंगावर धावून आला आणि स्टिपेने मागे सरकता सरकता एकच उजवा हात घातला, संपलं. त्यानंतर तो ‘आय ॲम अ वर्ल्ड चॅम्प’ असं ओरडत सुटला ना, ते ऐक कधीतरी, कॅमेऱ्यासाठी केलेलं त्यात काहीच नाही, त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. क्लीव्हलंडला 1964 नंतर मोठ्या खेळात एक टायटल आलेलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या लोकांना तो बेल्ट आपल्या घरात आल्यासारखा वाटला असेल तर नवल नाही. पुढच्याच महिन्यात बास्केटबॉलवाले कॅव्हॅलिअर्सही जिंकले आणि सप्टेंबरला तो तिथेच ओव्हरिमशी लढला, आधी स्वतः खाली पडला, उठला, आणि पहिल्याच राऊंडमध्ये नॉकआउट!

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी लिहायला बसलो. जानेवारी 2018, बॉस्टन, समोर फ्रान्सिस एंगानू. दीडेक महिना आधी एंगानूने ओव्हरिमला असा अपरकट, म्हणजे खालून वर ठोसा, मारलेला की बघवत नव्हतं, त्यामुळे पोस्टर, जाहिराती, चर्चा सगळी त्याचीच, बेल्ट ज्याच्याकडे आहे त्याला कुणी विचारेना. स्टिपेने पाच राऊंड त्याला दमवलं, खाली पाडलं, पुन्हा पुन्हा पाडलं, तिन्ही जजनी स्टिपेच्या बाजूने 50-44 दिले. यूएफसी हेवीवेटमध्ये सलग तीनदा बेल्ट राखणारा तो पहिलाच. आणि मग यूएफसीचा बॉस डेना व्हाइट बेल्ट बांधायला आला तर स्टिपेने तो त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या कोचकडे दिला, मार्कस मॅरिनेलीकडे, की तुम्ही बांधा. एक शब्द बोलला नाही. जमिनीवर पाय असणं म्हणजे मान खाली घालणं नाही हे मला त्या दहा सेकंदांत कळलं. आपली किंमत कुणी केली आणि कुणी नाही केली हे त्याला पक्कं माहीत होतं.

सहा महिन्यांत डॅनियल कॉर्मिए नावाच्या फायटरने त्याला पहिल्याच राऊंडमध्ये झोपवलं. तू बघितलीस ती फाइट, मला आठवतंय. ह्या खेळात हरणं फार उघडं असतं रे, टीम नाही, पुढच्या रविवारी मॅच नाही, सगळ्या जगासमोर पडायचं आणि पुढची संधी कधी मिळेल ते दुसऱ्याच्या हातात. तो वर्षभर रीमॅच मागत राहिला, मधे दुसरी कुठलीच फाइट घेतली नाही, शिफ्ट मात्र चालू होती. त्याच काळात माझ्या हातातलं काम काढून दुसऱ्याला दिलं गेलं होतं, तुला माहितीये मी कसा झालो होतो, कुणाशी बोलत नव्हतो. तेव्हा मला जोरात बोलणारे, टेबलं फेकणारे फायटर बघवत नव्हते. हा चालत होता. म्हणून धरून ठेवलं त्याला, खरं सांगायचं तर.

त्याच्यासारख्यांना पैसा आणि प्रसिद्धी कमी मिळते हेही मला टोचतं, कारण ट्रॅश टॉक करणाऱ्याची, म्हणजे समोरच्याला तोंडाने डिवचणाऱ्याची, फाइट विकली जाते आणि ह्याच्या फाइटला सांगावं लागतं की अरे बघा. 2019 ला कॉर्मिएकडून परत मिळवलेला बेल्ट 2021 ला एंगानूने नेला, नोव्हेंबर 2024 ला तेव्हाचा चॅम्पियन जॉन जोन्सने तिसऱ्या राऊंडमध्ये पोटात लाथ घातली आणि बेचाळिसाव्या वर्षी त्याने तिथेच सांगितलं की आता बास. मी बराच वेळ लॅपटॉप बंद केला नाही.

तू आलास की आपण ऑगस्ट 2019 ची कॉर्मिएची रीमॅच लावू. तीन राऊंड तो मागे होता, मार खात होता. चौथ्यात त्याला काहीतरी दिसतं, आणि तो बरगड्यांखाली डावा हुक मारतो, मग परत तिथेच, परत तिथेच. तू बाकी काही बघू नकोस, फक्त तो डावा हात बघ, आणि मग मला परत विचार.

तुझाच,
पहाटेच्या फाइटसाठी तुला उठवणारा