माणसे पाण्याबाहेर काढली, पण उतरवायची कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भूमध्य समुद्रात अमुक स्थलांतरितांना वाचवले, अशी बातमी अधूनमधून येते आणि तिथेच संपते. कायद्याने मात्र बचाव तेव्हा पुरा झालेला नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ‘सुरक्षित ठिकाणी’ पूर्ण होतो. म्हणजे जिथे जिवाला धोका उरत नाही, अन्न, निवारा, औषधपाणी मिळते आणि पुढे जाण्याची सोय होऊ शकते, अशा जागी. माणसे डेकवर आली एवढ्यावरून वाचवणारे जहाज सुरक्षित ठिकाण ठरत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

या सूचना ‘टाम्पा’ प्रकरणामुळे आल्या. ऑगस्ट २००१ मध्ये या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीवरची ४३३ माणसे घेतली आणि ऑस्ट्रेलियाने ती ख्रिसमस बेटावर उतरवू दिली नाहीत. मग सोलास (समुद्रावरील जीवितरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) आणि शोध-बचाव या दोन्ही करारांत दुरुस्त्या झाल्या, १ जुलै २००६ पासून लागूही झाल्या. तरी एक फट राहिलीच. ज्या देशाच्या शोध-बचाव क्षेत्रात घटना घडली, त्याने सुरक्षित ठिकाण मिळवून देण्याची प्राथमिक जबाबदारी घ्यायची. पण स्वतःचे बंदर उघडलेच पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही. माल्टाने तर या दुरुस्त्या स्वीकारल्याच नाहीत.

या फटीत व्यापारी जहाजे अडकतात. ऑगस्ट २०२० मध्ये ‘मर्स्क एटिएन’ या डेन्मार्कच्या टँकरने माल्टाच्या विनंतीवरून २७ जणांना घेतले आणि मग बंदराची वाट पाहत ते पाच आठवड्यांहून अधिक काळ समुद्रातच राहिले. वळसा घेण्याचा जादा खर्च, म्हणजे इंधन, पगार, शिधा, पी अँड आय क्लब (जहाजमालकांची सामाईक विमा संस्था) बहुधा भरून देतो. बुडालेले भाडे सहसा देत नाही. जीव वाचवायला मार्ग सोडला तर मालवाहतुकीच्या कराराचा भंग होत नाही, हे जहाजाने माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय हेग-व्हिस्बी नियमांत आहेच. तरीही दूरवर रबरी बोट दिसल्यावर कप्तानाच्या डोक्यात हा हिशेब येऊ नये, अशी व्यवस्था आज नाही.

स्वयंसेवी संस्थांच्या जहाजांची कोंडी वेगळी आहे. इटलीच्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे पहिल्या बचावानंतर लगेच बंदर मागायचे आणि दिलेल्या बंदराकडे तडक निघायचे. मोडले तर २ ते १० हजार युरो दंड आणि जहाज २० दिवस जप्त. बंदर मिळते तेही बरेचदा राव्हेन्ना, अँकोना, जेनोआ असे लांबचे. लिबियासमोरून राव्हेन्ना साधारण ९०० सागरी मैल, १० नॉटने (ताशी १० सागरी मैल) जवळपास चार दिवस. सिसिलीतले ऑगस्टा त्या मानाने कितीतरी जवळ. जाऊन-येऊन आठवडा गेला की तेवढे दिवस बचाव क्षेत्रात एक जहाज कमी. याला कुणी प्रशासकीय सोय म्हणत असेल तर म्हणो.

‘मग जवळच्या लिबियातच का सोडत नाहीत?’ हा प्रश्न नेहमी येतो. इटलीविरुद्धच्या हिरसी खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये लिबियाला परत पाठवणे बेकायदा ठरवले. जुलै २०१८ मध्ये ‘आस्सो २८’ या इटालियन जहाजाने १०१ जणांना त्रिपोलीत नेऊन सोडले. कप्तानाला नेपल्सच्या न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली आणि ती २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवरही टिकली. किनाऱ्यावरून कुणी आदेश दिला, एवढे समर्थन कप्तानाला पुरत नाही. आश्रयाचा हक्क कुणाला आहे हे ठरवणे त्याचे काम नाही, आणि माणसांची नावे त्यांच्या मायदेशाच्या अधिकाऱ्यांना कळवणे तर नाहीच.

प्रत्यक्ष बचावात सर्वात मोठा धोका घाईचा असतो. गच्च भरलेल्या बोटीजवळ जहाज आले की सगळे त्याच बाजूला झुकतात आणि बोट उलटते. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री ‘किंग जेकब’ या कंटेनर जहाजावर आदळून मच्छीमारी बोट उलटली. ८०० हून अधिक माणसे गेली, वाचली २८. म्हणून मोठे जहाज अंतर राखून थांबते. छोटी वेगवान बोट मागच्या बाजूने जाते, आधी बोलून लोकांना बसायला लावते, मग प्रत्येकाला लाइफ जॅकेट देते आणि त्यानंतरच थोडी थोडी माणसे उचलते. रबरी बोटीच्या तळाशी साचलेले पेट्रोल आणि खारे पाणी कातडी जाळते. मधे बसलेल्या बायकांना हे भाजणे जास्त होते, आणि ओले कपडे काढून भरपूर गोड्या पाण्याने धुणे हाच पहिला उपाय. लाकडी बोटीत खालच्या कप्प्यात माणसे इंजिनाच्या धुराने गुदमरतात. ट्युनिशियाहून निघणाऱ्या पत्र्याच्या बोटी पाणी शिरताच दगडासारख्या तळाला जातात, तिथे मिनिटेच हाताशी असतात.

व्यापारी जहाजाला अशी वेगवान बोट नसते. त्याने वारा अडवून आडोसा करायचा, पण जहाज वाऱ्याने त्याच बोटीवर सरकत असते. प्रोपेलर थांबवायचा, चढायचे जाळे आणि पायलट लॅडर (दोरीची शिडी) सोडायची. रिकामे जहाज इतके उंच असते की गारठलेल्या माणसाला चढता येत नाही. गार पाण्यातून काढताना शक्यतो आडवेच उचलावे; उभे उचलले तर रक्तदाब कोसळून माणूस डेकवर येता येता दगावू शकतो. आणि कोणत्या बंदरात नेणार, हे पक्के कळेपर्यंत वर आलेल्यांना आश्वासन देऊ नये. लिबिया दिसू लागली की गोंधळ होतो.

कोकण आणि गोव्यातली असंख्य घरे बोटीवरच्या पगारावर चालतात, आणि सुएझहून जिब्राल्टरकडे जाणारे जहाज याच पाण्याजवळून जाते. जुलै २०१४ पासून सोलासनुसार प्रत्येक जहाजावर पाण्यातून माणसे काढण्याची त्या जहाजापुरती योजना असावी लागते. अनेक ठिकाणी ती पडलेल्या एका खलाशाचा विचार करून लिहिलेली असते. २२ जणांच्या जहाजावर शंभर माणसे आली तर पाणी किती दिवस पुरेल, संडास कोणते द्यायचे, टँकरच्या डेकवर सावली कशाची करायची आणि बिडी-काडी कशी रोखायची, हे त्यात हवे. जहाज कंपन्यांनी ही उजळणी करून घ्यावी, आणि शिपिंग महासंचालनालयाने तपासणीत योजनेची फाइल आहे का एवढेच न विचारता हे प्रश्न विचारावेत.

– मर्चंट नेव्हीतील काही निवृत्त अधिकारी, रत्नागिरी