आजीबद्दल लिहिताना

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

आजीच्या वर्षश्राद्धाला घरची पुस्तिका काढायची आणि मुख्य लेख तू लिहायचा, हे ठरलं ते बरं झालं. एक मात्र सांगतो. ‘प्रेमळ, कष्टाळू, खमकी’ ही विशेषणं गिरणगावातल्या कुठल्याही म्हातारीला चिकटवता येतात. प्रेमळ तर ती फारशी नव्हतीच. ती कुणाच्या बापाला भीत नसे, कारण तिचा हिशेब चोख असे. लेखात तेवढं दिसलं पाहिजे. म्हणून तिची खानावळ कशी चालायची ते नीट लिहून पाठवतोय.

लालबागेतली खोली दहा बाय बाराची. जेवणारे वीसेक, बहुतेक कोकणातले, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत ट्रंक ठेवून राहणारे. गिरणीच्या पाळ्या तीन: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा, बारा ते सकाळी सात. म्हणजे जेवणाची अशी एक वेळ नव्हतीच. पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत भरलेले हवेत. दुसऱ्या पाळीवाले दोनच्या सुमारास जेवून जायचे आणि मध्यरात्री परतायचे, त्यांची ताटं झाकून ठेवायची. तांदूळ वेळेला माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे वीस जणांना तीन किलो. भाकऱ्या माणशी दोन. किलोभर पिठात दहा-अकरा निघतात. पिठाला पाणी खळखळ उकळलेलंच हवं, आणि उकड झाकून मुरू द्यायची. कोमट पाण्यावर भागवलं की भाकरी थापताना कडेला चिरते आणि डब्यात दुपारपर्यंत वातड होते.

आता वही. प्रत्येक माणसाचं एक पान, रोजचे दोन चौकोन. जेवला की रेघ, नाही जेवला की ‘खा’ म्हणजे खाडा, पाहुणा आणला की ‘पा’, आणि पाहुण्याचे पैसे वेगळे. खाडा आदल्या रात्री सांगितला तरच वजा. आयत्या वेळी सांगितलेला ती धरत नसे, कारण तोवर तांदूळ धुतलेला असायचा. गणपतीला, शिमग्याला गावी जाणाऱ्याने मागची बाकी चुकती करूनच एसटी पकडायची. खानावळी बुडायच्या त्या बहुधा इथेच: खाडे तोंडी आणि पाहुणे फुकट.

खरी अडचण अशी की पगार महिन्याने आणि बाजार रोजचा. मधली फट वाणी नाहीतर सावकार भरून काढायचा. सावकाराचा दर रुपयाला महिना दहा पैसे. ऐकायला किरकोळ वाटतो, पण वर्षाला शंभरावर एकशेवीस होतात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवाल्या बायकांचे गट झाले, त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचलं. हे लेखात जरूर घे, आजी एकटीच शूर होती असं वाटायला नको. तिने त्या पैशातून पहिली वस्तू घेतली ती तांदळाची दोन पोती, रोखीने. उधारीवाल्याला वाणी भाव चढा लावतो आणि वर कणीचा माल गळ्यात मारतो. रोखीने घेणारीला पोतं उघडून मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन बघता येतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. महिनाभर तिने वाट पाहिली, मग नवी उधारी बंद केली आणि दोन वेळचं जेवण एक वेळेवर आणलं. चाळीत लोक बोलले, तोंडावर बोलले. माझ्या मते तिचं बरोबर होतं. सगळ्यांना वाढत बसली असती तर उन्हाळ्याच्या आत चूलच विझली असती.

त्याच उन्हाळ्यात तिने मसाल्याचं काम धरलं. भांडवल संपलेलं, म्हणून मजुरीवर: मिरची गिऱ्हाइकाची, हात हिचे. किलो मिरचीत साधारण सहाशे ग्रॅम बेडगी रंगाला, चारशे संकेश्वरी तिखटाला. धणे अर्धा किलो, बडीशेप आणि खसखस प्रत्येकी पन्नास ग्रॅम. दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी दहा-वीस ग्रॅमच्या बेताने, शिवाय हळकुंड नि हिंग. मिरच्या दोन-तीन कडक उन्हं खाल्लेल्या हव्यात. मग देठ काढून मंद आंचेवर नुसत्या कुरकुरीत करायच्या. एक मूठ करपली तरी सगळा मसाला कडवट होतो. डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रापाशी, ती शेवटपर्यंत उभी राहायची, याला दोन कारणं: उखळात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उरलेला असतो, तो झाडून घ्यावा लागतो, आणि कुटण्याआधीचं वजन नंतरच्या वजनाशी ताडून पाहावं लागतं. थोडी घट होतेच, जास्त झाली तर ती डंखवाल्याला पुन्हा तराजू लावायला लावायची. मसाला घरी आणून कागदावर पसरायचा, पार निवला की बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे. गरम भरला तर झाकणाला घाम सुटतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

तुझ्या आजोबांमागे खोलीची भाडेपावती तिने स्वतःच्या नावावर करून घेतली. भावकीतल्या एकाने ‘मुलाच्या नावावर कर, तुला कशाला दगदग’ म्हणून पाहिलं. त्याला चहा मिळाला, पावती मिळाली नाही. पुढे इमारत पाडायची बोलणी निघाली तेव्हा सभेत ती त्याच पावतीच्या जोरावर बसली आणि नव्या खोलीचं चटईक्षेत्र लेखी द्या म्हणाली.

वह्या माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत आहेत. सुरुवातीच्या वह्यांची शिवण सुटलीय, तेव्हा पानं सपाट ठेवून फोनवर फोटो काढ, झेरॉक्सला देऊ नकोस. एखादं पान पुस्तिकेत छापायचं झालं तर खाड्यांचं छाप. संपाच्या वर्षातली थकबाकीची पानं छापू नकोस. त्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं अजून लालबाग-परळलाच आहेत, आणि ती बाकी आजीने कधी मागितली नव्हती.

मजकूर पंधरा दिवस आधी पाठव, म्हणजे आत्याला वाचून दाखवता येईल. मसाल्याच्या प्रमाणावर ती भांडणार, तयारी ठेव.

तुझे,
बाबा