तागडी, पीस आणि बेचाळीस न्यायाधीश

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात सहावीच्या वर्गात ओसायरिसचा, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या देवाचा दरबार भरवणार आहेस, जिथे मेलेल्याचं काळीज पिसाशी तोलतात, तर आधी तागडीचं बघ. नाटक फसतं ते तिथेच. एका पारड्यात खरं पीस आणि दुसऱ्यात चिंध्यांचं काळीज ठेवलंस, तर दर वेळी काळीजच खाली जाणार आणि सगळे मृत अम्मितच्या, म्हणजे दोषी काळीज खाणाऱ्या राक्षसिणीच्या तोंडी. ‘काळीज पिसाहून हलकं हवं’ असं जिकडे तिकडे लिहिलेलं असतं. पण आनी नावाच्या लेखनिकासाठी केलेल्या ‘मृतांच्या ग्रंथा’च्या पपायरसवर (इ.स.पू. सुमारे १२५०, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये) दांडी आडवी, सरळ आहे. हवी ती बरोबरी. पीस म्हणजे ‘माआत’, सत्य आणि सुव्यवस्था.

लाकडी हँगर घे. दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर खाचा पाड, नाहीतर दोरा आत सरकतो आणि रिकामी तागडीही कलते. प्रत्येक पारड्याला ३० सेंटिमीटरचे तीन दोरे बांध. काळजाच्या पुरचुंडीत ५० ग्रॅम हरभरे, आणि तेवढ्याच वजनाची वाळूची पुडी पिसाच्या पारड्याखाली चिकटव. दांडीच्या मध्यावरून दोऱ्याला नट लटकव, म्हणजे ओळंबा झाला. कोल्ह्याच्या डोक्याचा देव अनुबिस तोच तपासतो. पंखा बंद ठेव.

माणसांचा हिशोब सोपा आहे. ४२ न्यायाधीश, शिवाय मृत, त्याला ओसायरिसपुढे नेणारा होरस, अनुबिस, निकाल लिहिणारा थोथ, अम्मित आणि ओसायरिस, एकूण ४८. वर्ग लहान असेल तर एकेकाला दोन न्यायाधीशांच्या नावांच्या चिठ्ठ्या दे. न्यायाधीश २१-२१ च्या दोन रांगांत समोरासमोर बसव. मृताने प्रत्येकाला नावाने हाक मारायची आणि एक गुन्हा नाकारायचा: ‘हे सावल्या गिळणाऱ्या’, ‘हे हाडं मोडणाऱ्या’. एका वाक्याला १० सेकंद धरलेस तरी ७ मिनिटं जातात. तेवढ्यात मागची मुलं कंटाळतात, म्हणून दर सात नावांनी मृत बदल.

हे सगळं ‘मृतांच्या ग्रंथा’च्या १२५व्या मंत्रात आहे, आणि त्यातच ‘मी तागडीत खोट केली नाही’, ‘मी वाहतं पाणी अडवलं नाही’ अशी वाक्यं आहेत. पाण्याच्या वाक्यावर थांब. नाईलच्या काठी वाहतं पाणी अडवणं हा तिथे देवापुढे नाकारायचा गुन्हा होता. पाटाच्या पाळीवरून होणारी भांडणं ऐकलेल्या मुलांना ते लगेच कळेल.

एक मात्र कटाक्षाने पाळ. कुणालाही स्वतःच्या नावाने मृत करू नकोस. पाव भाजणारा, नावाडी, लेखनिक अशी माणसं दे. नाहीतर ‘मी चोरी केली नाही’ म्हणताच मागून कुणीतरी डबा कुणी पळवला ते ओरडतं, आणि इजिप्त बाजूला राहून त्या पोराची अब्रू जाते.

मुखवटे कपाळावर पट्टीने बांध. तोंड झाकलं की आवाज दबतो. अनुबिस काळा, पण तो काळा शोकाचा नव्हे, नाईलच्या गाळाचा, पुन्हा जन्माचा. अम्मितचं डोकं मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं.

थोथ लिहायला बसला की कुणीतरी ‘हा चित्रगुप्त!’ म्हणणारच. हसून हो म्हण, पण फरक विचार. इथे काळीजच साक्षीदार आहे. म्हणून तर ममी करताना मेंदू टाकून देत आणि काळीज छातीत ठेवत. त्यावर दगडी भुंगा ठेवून त्याच ग्रंथातला ३०ब क्रमांकाचा मंत्र म्हणत: काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. मृताच्या छातीवर कागदी भुंगा लाव आणि वर्गाला विचार, ही लबाडी की भीती? उत्तर तू देऊ नकोस.

अम्मितची भूमिका चुळबुळ न करणाऱ्याला दे. हे पपायरस मृतासाठीच बनवून घेतलेले, त्यामुळे त्यात नापास झालेला कुणी नसतो. ती नुसती वाट बघत बसते. मुलं मात्र तिला काहीतरी खायला मागतील. दुसऱ्या फेरीसाठी ७० ग्रॅमची पुरचुंडी तयार ठेव.

तुझी,
आई