शब्दयाद्यांनी वाचनवेग वाढत नाही

महोदय,
इंग्रजी उशिरा शिकलेल्या मुलांनी प्रवेश परीक्षेसाठी शब्दयाद्या पाठ कराव्यात, हा आपल्या पुरवणीतील सल्ला पटला नाही. त्यांचे घोडे बहुधा वेगावर अडते. ‘सॅट’ या अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेच्या वाचन-लेखन विभागात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न असतात, उतारा धरून एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. छापील सराव पेपर घड्याळ लावून सोडवून घ्यावा आणि वेळ संपल्यावर उरलेले प्रश्न वेगळ्या शाईने पूर्ण करू द्यावेत. त्या शाईतली उत्तरे बरोबर निघाली, तर उणीव वाचनवेगाची आहे. रोज छोटे उतारे वेळ लावून वाचणे हाच त्यावर उपाय. गणितात मात्र ‘अ‍ॅट लीस्ट’ (किमान), ‘एक्सेप्ट’ (वगळता) यांवरून नजर घसरते आणि येणारे उदाहरण चुकते. ते शब्द अधोरेखित केल्यावरच आकडेमोडीला हात घालू द्यावा.

– एक वाचक