मालकांना सवलत नको म्हणता, मग सॉकेट बसवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामाच्या ठिकाणी ईव्ही (इलेक्ट्रिक वाहन) चार्जर बसवणाऱ्या मालकांना सरकारी सवलत देण्याच्या मागणीवर आपण परवाच्या अग्रलेखात सडकून टीका केलीत. नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी हा खर्च स्वतः करावा, करदात्यांवर टाकू नये, असा आपला एकूण सूर आहे. मी स्वतः करदाती आहे आणि पगारदार आहे, तरीही मला हा अग्रलेख पटला नाही. खरं सांगायचं तर वाचून चीड आली. मालकांनी खर्च करावा हे म्हणायला सोपं आहे. ते करत नाहीत, आणि त्याचे चटके आम्हाला बसतात.

मी एका खासगी कंपनीत हिशेब विभागात आहे. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तिची बॅटरी काढून घरात नेता येत नाही आणि आमच्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट नाही. कंपनीत मात्र वॉचमनच्या केबिनमागे १५ अँपिअरचा एक सॉकेट होता. पूर्वी तिथे पाण्याची मोटर लागायची, ती काढल्यापासून तो रिकामाच होता. अॅडमिनला तोंडी विचारून मी तिथे स्कूटर चार्जिंगला लावू लागले. माझ्या रोजच्या जाण्यायेण्याला जेमतेम एक युनिट लागतं. रिकाम्या मीटिंग रूममध्ये चालू राहिलेला एसी तासाभरात त्याहून जास्त वीज खातो.

एका सोमवारी सकाळी गेले तर त्या सॉकेटवर पत्र्याची पेटी ठोकलेली आणि तिला कुलूप. शेजारी नोटीस: कंपनीच्या विजेचा खासगी कामासाठी वापर केल्यास कारवाई होईल. माझं नाव नव्हतं, पण त्या सॉकेटचा वापर मी एकटीच करत होते. दिवसभर सहकारी येता-जाता नोटीस वाचून माझ्याकडे बघत होते. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

मी रीतसर अर्ज दिला. सबमीटर (तेवढीच वीज मोजणारा वेगळा मीटर) बसवा, येईल ते बिल पगारातून कापा, असं लिहून दिलं. त्यावर अॅडमिनकडून बोलावणं आलं आणि कारणं ऐकवली गेली: कनेक्शन कमर्शियल आहे, मंजूर भार (वीज कंपनीने ठरवून दिलेली वापराची मर्यादा) पुरणार नाही, आग लागली तर इन्शुरन्सवाले हात वर करतील, आणि "मॅडम, आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील". मी म्हटलं, मागू द्या, त्यात वाईट काय आहे? शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावून एस्टिमेट घेतलं. पॅनेलपासून वेगळी केबल, एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच), अर्थिंग, सबमीटर आणि चार सॉकेट. रक्कम कंपनीला परवडणार नाही अशी मुळीच नव्हती. पण जागा भाड्याची. कंपनी म्हणते, दुसऱ्याच्या भिंतीत आम्ही पैसे का घालू? जागामालक म्हणतो, गाड्या तुमच्या लोकांच्या, मी का घालू? एस्टिमेट ड्रॉवरमध्ये पडलं आणि मला सांगण्यात आलं, "सरकारकडून काही मिळणार असेल तर बघू."

संपादक महोदय, सवलत इथे लागते. ती कंपनीचं पोट भरण्यासाठी नाही. दोन मालक एकमेकांकडे बोट दाखवत बसलेले असताना कुणा एकाला हलवण्यासाठी ती लागते. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या चार्जिंगसाठी सरकारी योजना सुरू झाली. त्यात प्रत्येक सॉकेटमागे ठरावीक रक्कम आणि एका अर्जदाराला कमाल ४० सॉकेटची मर्यादा ठेवली गेली. म्हणजे कुणाला सरकारी तिजोरी लुटता येत नाही. अशी मर्यादा आपणही घालू शकतो. आपल्याच महाराष्ट्राच्या २०२१च्या ईव्ही धोरणात संथ चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, कमाल १० हजार रुपये प्रोत्साहन होतं. त्याचा आपल्या अग्रलेखात उल्लेखसुद्धा नाही.

मग पैसा जातो कुठे? केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या ईव्ही प्रोत्साहन योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये आणि सुमारे ७२,००० केंद्रांचं उद्दिष्ट ठेवलं. पण ती सार्वजनिक केंद्रं. गेटच्या आत, कर्मचाऱ्यांपुरता असलेला सॉकेट त्यात बसत नाही. राज्याच्या २०२५च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली आहे. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही! त्या टोलमाफीतला एक रुपयाही माझ्यासारखीच्या वाट्याला येत नाही. स्कूटरवरचं केंद्राचं अनुदानही गाडीमागे कमाल १० हजारांवरून ५ हजारांवर आणलं गेलं. तेही मी समजून घेते, गाड्या स्वस्त होत असतील तर अनुदान कमी व्हावं. पण वाचलेल्या पैशातला थोडा वाटा या सॉकेटकडे वळवायला काय हरकत आहे?

त्याच २०२५च्या धोरणात नव्या व्यावसायिक इमारतींत निम्मं पार्किंग ईव्हीसाठी सज्ज ठेवण्याची अट आहे. चांगली आहे. पण आम्ही कामाला जातो ते जुन्या गाळ्यांमध्ये आणि जुन्या इमारतींमध्ये. तिथलं वायरिंग कोण बदलणार?

दिवसाच्या विजेचाही विचार व्हायला हवा होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार्जिंग केंद्रांना सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दराने द्यायची आहे आणि उरलेल्या वेळेत १.३ पट दराने. कारण उघड आहे, दिवसा सौरऊर्जा मुबलक असते आणि संध्याकाळी तीच ओसरते. आता सांगा, ९ ते ४ या वेळेत नोकरदाराची गाडी कुठे उभी असते? ऑफिसच्या आवारात. आणि आम्ही ती चार्जला लावतो संध्याकाळी घरी गेल्यावर, जेव्हा घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर एकदमच सुरू झालेले असतात. स्वस्त वीज आमच्या गाडीशेजारून वाया जाते, कारण मध्ये तीस फूट केबल नाही.

माझं म्हणणं एवढंच नाही की सवलत द्या. अटी घालून द्या. महागड्या फास्ट चार्जरला नको, साध्या सॉकेटला आणि ३.३ किलोवॅटच्या चार्जरला द्या. आठ तास गाडी उभी राहणार असेल तर तेवढं पुरतं. भाड्याच्या जागेत जागामालकाची संमती आधी घ्यायला लावा. सबमीटर सक्तीचा करा, म्हणजे फुकट्या विजेची ओरड नको. आणि कंत्राटी कामगारांनाही तो सॉकेट वापरता आला पाहिजे. आमच्याकडे हाउसकीपिंगचा एक मुलगा सेकंडहँड इलेक्ट्रिक मोपेड चालवतो. साहेबांच्या कारला चार्जर मिळाला आणि त्याला हाकललं, तर अशा कंपनीकडून दिलेले पैसे परत घ्या. यावर आपण अग्रलेख लिहिला असता तर मी पहिली पाठिंबा दिला असता.

जाता जाता आणखी एक. आपली दर आठवड्याची वाहन पुरवणी मी वाचते. तीत इलेक्ट्रिक म्हटलं की वीस-पंचवीस लाखांची कारच दिसते. सनरूफ, टचस्क्रीन, सीटचं लेदर. देशात विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक वाहनांत मोठा वाटा दुचाकी-तिचाकींचा आहे आणि त्या चालवणारे आपले वाचक आहेत. पावसाळ्यात उघड्यावर चार्ज करताना काय काळजी घ्यावी, पॉइंटसाठी अर्ज कुठे करावा, भार वाढवून घ्यायला काय कागद लागतात, हे छापा. आमच्या अॅडमिनच्या टेबलावर नेऊन ठेवायला मला तेवढा एक कागद पुरेल.

आपली,
एक नोकरदार वाचक