अक्का, तुम्ही स्पिरिटची बाटली बाजूला ठेवलीत त्याबद्दल

अक्का, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी "ते राहू दे गं, भात खाऊन जा" म्हणालात, आणि मी मुकाट्यानं भात खाऊन आले. म्हणून आता चारचौघांत लिहिते. दुसरंही कारण आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या स्टाफ नर्स मुली फोन करून विचारतात, "नर्सिंगची एम.एस्सी. केल्यावर कॉलेजातच शिकवायला लागायचं नव्हं?" त्यांना मी दर वेळी तुमची गोष्ट सांगते. ती तुमच्या माघारी सांगत राहणं बरं दिसत नाही.

तुम्ही सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज आणि मी बी.एस्सी. करून आलेली, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेली पोरगी. बैलहोंगल, सौंदत्तीकडचे पेशंट भराभर कन्नडमध्ये दुखणं सांगायला लागले की मी तुमच्याकडे बघायची. एम.एस्सी. नर्सिंगला जायचं तर कौन्सिलची नोंदणी, बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. पहिल्या दोन गोष्टी माझ्याजवळ होत्या, अनुभवही होता, पण त्याचं सर्टिफिकेट ऑफिसातून सुटेना. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, शिक्का सापडत नाही. शेवटी तुम्ही मॉर्निंग ड्युटी संपवून त्या ऑफिसात जाऊन बसलात. भांडण नाही, आवाज नाही. नुसत्या बसलात, पर्समधली जपमाळ काढून. संध्याकाळच्या आत कागद हातात आला. अर्ज त्याच आठवड्यात भरायचा होता, हे तुम्हाला मी सांगितलंही नव्हतं.

विषय निवडतानाही तुमचंच ऐकलं. मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य असे पाच रस्ते. घरच्यांचा कल सामुदायिककडे, कारण सरकारी नोकरीची आशा. तुम्ही म्हणालात, "तुझा हात ड्रेसिंगला हलका हाय. पेशंट ओरडत नाही. मेडिकल-सर्जिकलच घे की." करिअर मार्गदर्शन म्हणून मला मिळालेलं एवढंच. पुरलं.

आता त्या मुलींसाठी थोडं सविस्तर लिहिते, तुम्ही हवं तर हा भाग गाळा. आपल्याकडे एम.एस्सी. म्हणजे शिकवायला जायचं, असं ठरूनच गेलंय. त्यात मुलींचा दोष नाही. कॉलेजांना मान्यतेसाठी एम.एस्सी. झालेल्या शिक्षिका लागतात, आणि बहुतेक हॉस्पिटलांत या पदवीसाठी वेगळी जागाही नाही आणि वेगळा पगारही नाही. अभ्यासक्रमातही नर्सिंग शिक्षण आणि व्यवस्थापन हे विषय आहेतच. म्हणजे सगळ्यात जास्त शिकलेली नर्स पेशंटपासून सगळ्यात लांब जाऊन बसते. मला हे पटत नाही, आणि आता मी ते उघड बोलते.

क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट ही याच्या उलट कल्पना आहे. हिल्डगार्ड पेप्लाऊ या मनोरुग्ण-परिचर्येतल्या विदुषीने १९५४ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात त्यासाठीचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. शिकून पुन्हा खाटेपाशीच यायचं, पण तीन कामांसाठी: अवघड पेशंट स्वतः हाताळायचे, बाकीच्या नर्सना तयार करायचं आणि वॉर्डाच्या पद्धती बदलायच्या. तिथे या शिक्षणात देखरेखीखालचं प्रत्यक्ष रुग्णकामच किमान ५०० तासांचं असतं. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलनेही अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आखलाय, ज्यात बहुतेक वेळ वॉर्डातच जातो. बाकीच्यांनी मात्र एम.एस्सी. करून आपली वाट आपणच पाडायची.

माझी वाट तुम्ही पाडलीत. ती कशी, हे तुमच्या लक्षातही नसेल.

दुसऱ्या वर्षी मी प्रबंधासाठी तुमच्याच वॉर्डात आले. नोकरी सोडलेली, स्टायपेंड नाही, गळ्यात विद्यार्थिनीचं कार्ड. विषय होता अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून दाबाने होणाऱ्या जखमा, टाळायचं शिक्षण. सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, पायलट स्टडी हे सोपस्कार झाले. संमतीपत्र आणि प्रश्नावली कन्नड-मराठी दोन्हींत हवी होती, त्यातलं कन्नड तुम्ही घरी नेऊन तपासलंत आणि "हे पुस्तकी हाय, गोकाकच्या म्हातारीला कळायचं नाही" म्हणून निम्मं खोडलंत.

त्या दिवशी सकाळी तुम्ही खाट नंबर सातच्या आजोबांना कुशीवर वळवून कमरेच्या हाडावर स्पिरिट चोळत होतात. मग पावडर. बॅक केअर म्हणून तुम्हाला असंच शिकवलेलं, मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी असंच शिकवलेलं. माझ्या हातात नवी मार्गदर्शक तत्त्वं होती आणि त्यांत नेमकं उलट लिहिलेलं. हाडावरची जागा दाबाने लाल झाली, बोट दाबून सोडल्यावरही पांढरी होईना, म्हणजे आत इजा सुरू झालीय. तिथे चोळलं तर दबलेल्या रक्तवाहिन्यांना आणखी मार बसतो, स्पिरिटनं कातडी कोरडी पडते ती वेगळीच. टाचेखाली पाणी भरलेला ग्लोव्ह नको, बुडाखाली रिंग नको. मी हे सगळं घाबरत घाबरत सांगितलं. बाजूला दोन सिनियर सिस्टर्स उभ्या होत्या आणि तुमची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी होती.

तुम्ही विचारलंत, "कुठं लिवलंय? दाव." चष्मा लावून वाचलंत. एक ओळ परत वाचायला सांगितलीत. मग स्पिरिटची बाटली ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवलीत आणि त्या दोघींना म्हणालात, "आजपासून बंद. ही सांगेल तसं."

एम.एस्सी.ला मला बदलाचे सिद्धांत शिकवले, त्यावर पंधरा मार्कांचा प्रश्नही यायचा. त्यातला एकही सिद्धांत तुमच्या त्या वाक्याविना आपल्या वॉर्डात चालला नसता. विद्यार्थिनीचं कोण ऐकतं? तुमचं सगळे ऐकतात. तुम्ही तुमचं वजन मला उसनं दिलंत, तेही आयुष्यभर केलेली गोष्ट चुकीची ठरत असताना, आणि त्याबद्दल पुढे कधी एक शब्द काढला नाहीत.

पुढचं सगळं त्यातूनच झालं. बेडसोअरचा धोका मोजायची ब्रेडन स्केल घेतली. संवेदना, ओलावा, हालचाल, स्थिती बदलायची ताकद, आहार आणि घर्षण असे सहा भाग, एकूण गुण ६ ते २३, आणि जितके कमी तितका धोका जास्त. सिस्टर्स कुरकुरल्या, "अजून एक फॉर्म!" कुरकुर रास्तच होती, नाइटला एकटीनं अख्खा हॉल बघायचा आणि दर दोन तासांनी सगळ्यांना वळवायचं, हे कागदावर सोपं असतं. तोडगा तुमचा होता. नातेवाइकांनाच शिकवायचं, खाटेच्या पायथ्याला घड्याळाचं चित्र लावायचं: उजवी कूस, पाठ, डावी कूस. अथणीकडच्या एका ऊसतोड्या मुलानं बापाला इतकं वेळेवर वळवलं की शेजारच्या खाटेचे लोक त्याला विचारून आपल्या माणसाला वळवायला लागले.

निकालानंतर कॉलेजची जागा चालून आली होती, पगार बरा. तुम्ही मेट्रन मॅडमना काय सांगितलंत ते मला आजही माहीत नाही. पण जखम आणि मधुमेही पायांसाठी हॉस्पिटलनं एक नर्स वेगळी ठेवायची ठरवली आणि ती मी झाले. नेमणूकपत्रावर आजही 'स्टाफ नर्स' असंच आहे. पगाराची रड आहे, ती इथे नको. पण काम तेच आहे, ज्यासाठी शिकले.

पायांचं सांगते. निपाणीकडचे तंबाखू ओढणारे, खानापूरकडचे भाताच्या चिखलात अनवाणी उभे राहणारे, सगळे मधुमेही, सगळ्यांचं वाक्य एकच: "दुखत नाही हो, म्हणून आलो नाही." दुखत नाही हीच तर अडचण. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला आणि पेशंटला कळलं नाही, तर त्या पायाचं संरक्षण गेलेलं आहे. मग खडा रुतला काय, डांबरी रस्त्यानं फोड आला काय, सारखंच. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्माच्या यात्रेनंतर माझ्या ओपीडीत असे पाय रांगेनं येतात.

आणि अक्का, तुमची शुगर कधीपासूनची आहे ते मला माहीत आहे. दर वर्षी सौंदत्तीचा डोंगर अनवाणी चढता तेही माहीत आहे. नवस तुमचा, मी मोडा म्हणत नाही. पण डोंगराच्या आधी शुक्रवारी सकाळी ओपीडीत या, पाय तपासते. नंबर काढू नका, सरळ आत या. आणि या वेळी विषय बदलायचा नाही.

तुमचीच,
खाट नंबर सातपाशी घाबरत उभी असलेली